बटण, खिडकी आणि मागील धागा

संगणकाच्या पडद्यावरील बटण दाबणें ही गोष्ट आज इतकी नित्याची झाली आहे कीं, त्या एका टिचकीनें आंत काय काय घडतें याचा विचार करण्याची आपणांस सहसा गरज भासत नाहीं. परंतु एखादे वेळीं बटण दाबल्याबरोबर सगळी खिडकी गोठल्यासारखी होते. अक्षरें उमटत नाहींत, खिडकी हलवूं म्हटलें तर हलत नाहीं, बंद करण्याची फुलीही ऐकत नाहीं. आणि थोड्याच वेळानें 'प्रोग्राम प्रतिसाद देत नाहीं' अशी पाटी पुढें येते. अशा वेळीं अधीर मनुष्य तेंच बटण चार वेळां दाबतो, किंवा प्रोग्राम बळेंच बंद करतो, आणि तासाभर टंकलेलें काम गमावून बसतो. वरच्या वर्गांतील विद्यार्थी आतां पायथॉन व जावा या भाषांतून स्वतः खिडक्या आणि बटणें तयार करूं लागले आहेत. त्यांच्यापुढें हा प्रश्न हटकून येतोच. तो मुळापासून समजावा, या हेतूनें प्रस्तुत पाठ लिहिला आहे. पालकांनींही तो अवश्य वाचावा. संगणक 'अडकला' असें आपण म्हणतों तेव्हां नेमकें काय अडकलेलें असतें, हें त्यांच्याही ध्यानांत येईल.

१. खिडकीवरील एकच कारकून

शाळेच्या कचेरीची खिडकी डोळ्यांपुढें आणा. आंत एक कारकून बसला आहे आणि बाहेर रांग आहे. कोणी फी भरावयास आला आहे, कोणी बोनाफाईड दाखला मागतो, कोणी सुटी केव्हांपासून लागणार एवढेंच विचारतो. प्रत्येकाचें काम अर्ध्या मिनिटाचें. म्हणून रांग झपाझप पुढें सरकते. इतक्यांत एक माजी विद्यार्थी येऊन, तीस वर्षांपूर्वींच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत मागतो. त्यासाठीं मागल्या खोलींतील जुनीं जनरल रजिस्टरें काढून, धूळ झटकून, पानें चाळावीं लागतात. कारकून जर स्वतःच उठून त्या खोलींत गेला, तर खिडकी उघडी असूनही बंद पडते. रांगेंतील मंडळी तिष्ठत रहातात, आणि 'जरा थांबा, वेळ लागेल' एवढें सांगावयासही तेथें कोणी उरत नाहीं.

चित्रमय प्रोग्रामाची रचना अशीच असते. संगणक एकामागून एक सूचना पार पाडीत जातो; त्या अखंड ओघाला 'थ्रेड' म्हणजे धागा म्हणतात. खिडक्या, बटणें व याद्या सांभाळणारा धागा बहुतेक प्रोग्रामांत एकच असतो. त्याला आपण मुख्य धागा म्हणूं. माउसची टिचकी, कळफलकावरील अक्षर, खिडकी पुन्हां रंगविण्याची आज्ञा, या प्रत्येकीला 'घटना' म्हणतात. घटना रांगेंत येऊन उभ्या रहातात. मुख्य धागा पहिली घटना उचलतो, तिच्यासाठीं लिहून ठेवलेलें काम करतो आणि परत रांगेकडे वळतो. प्रोग्राम चालू असेपर्यंत हें चक्र फिरत असतें. पडदा साधारणतः सेकंदाला ६० वेळां ताजा होतो, म्हणजे एका चित्राच्या वाट्यास सुमारें १७ मिलिसेकंद येतात. प्रत्येक काम तेवढ्या अवधींत उरकलें, तर पहाणाराला सर्व गोष्टी एकाच वेळीं, विनासायास चालल्यासारख्या भासतात.

आतां एक उदाहरण घेऊं. 'निकालपत्रकें तयार करा' असें बटण असलेला प्रोग्राम आपणांस लिहावयाचा आहे. शाळेंत ६०० विद्यार्थी आहेत, आणि प्रत्येकाचें पत्रक तयार करून डिस्कवर लिहिण्यास ०.२ सेकंद लागतात असें समजा. एका पत्रकाला लागणारा वेळ जाणवतही नाहीं. परंतु ६०० पत्रकांस १२० सेकंद, म्हणजे पुरीं दोन मिनिटें लागतात. हें सारें काम थेट टिचकीलाच जोडलें, तर दोन मिनिटें मुख्य धागा रांगेकडे फिरकणारच नाहीं. विंडोज प्रणाली अशा खिडकीची ५ सेकंद वाट पहाते आणि मग तिला 'प्रतिसाद देत नाहीं' असें ठरविते. अँड्रॉइड फोनवर स्पर्शाला उत्तर न मिळाल्यास हीच ५ सेकंदांची मुदत आहे. येथें एक गोष्ट नीट लक्षांत घ्यावी. प्रोग्राम मेलेला नसतो. तो इमानेंइतबारें पत्रकें लिहीत असतो. फक्त खिडकीवर कोणी नसतें.

मनुष्य किती वेळ वाट पाहूं शकतो, याचाही अभ्यास झालेला आहे. जेकब नील्सेन यांनीं १९९३ सालच्या आपल्या ग्रंथांत, पूर्वींच्या संशोधनाच्या आधारें, तीन मर्यादा दिल्या आहेत. ०.१ सेकंदांत उत्तर मिळालें तर तें तत्काळ मिळालें असें वाटतें. १ सेकंदापर्यंत विचारांचा ओघ तुटत नाहीं. आणि १० सेकंदांपलीकडे लक्ष दुसरीकडे जातें, तेव्हां काम कोठवर आलें तें दाखविणें अगत्याचें ठरतें. ज्या कामास या मर्यादांबाहेर वेळ लागणार, तें काम मुख्य धाग्यानें स्वतःच्या अंगावर घेऊं नये.

२. शिपायास मागें पाठवावें

कचेरींत जो उपाय, तोच येथें. कारकुनानें शिपायास चिठ्ठी देऊन मागल्या खोलींत पाठवावें, अर्जदारास बांकावर बसवावें, आणि आपण खिडकी सोडूं नये. त्याचप्रमाणें, बटण दाबतांच मुख्य धाग्यानें एक दुसरा धागा सुरू करावा, लांबलचक काम त्याच्या हवालीं करावें आणि लगेच रांगेकडे परतावें. या दुसऱ्या धाग्याला मागील धागा म्हणूं.

संगणकांत प्रोसेसर एकच असला तरी हें साधतें. संगणकाची कार्यप्रणाली प्रत्येक धाग्याला क्षणाचा अल्पसा अंश वांटून देते, आणि पाळी इतक्या त्वरेनें बदलते कीं, दोन्ही कामें बरोबर चालल्यासारखीं वाटतात. पूर्वीं ही वांटणी प्रोग्रामांच्या मर्जीवर होती. १९९२ सालच्या विंडोज ३.१ मध्यें प्रत्येक प्रोग्रामानें आपण होऊन दुसऱ्यास पाळी द्यावी अशी अपेक्षा असे. एकानें आडमुठेपणा केला कीं सगळा पडदा खिळून राही. १९९५ सालच्या विंडोज ९५ नें नव्या धर्तीच्या प्रोग्रामांपुरती ही सत्ता स्वतःच्या हातीं घेतली. ॲपलच्या घरगुती संगणकांवर हा बदल २००१ सालच्या मॅक ओएस एक्सबरोबर आला. आतां एका प्रोग्रामाच्या हट्टानें दुसरा सहसा अडत नाहीं. परंतु आपल्याच प्रोग्रामाच्या खिडकीवरील कारकून जागेवर ठेवण्याची जबाबदारी अजूनही लिहिणाऱ्याचीच आहे.

३. पाळावयाचे सहा नियम

मागील धागा सुरू करणें हें एक-दोन ओळींचें काम आहे. खरें कौशल्य त्याला शिस्त लावण्यांत आहे. ही शिस्त पुढील सहा नियमांत सांगतां येईल.

पहिला नियम असा कीं, खिडकीला हात फक्त मुख्य धाग्यानें लावावा. शिपायानें मागून येऊन कारकुनाच्या वहींत परस्पर नोंद करूं नये. त्यानें सांपडलेला कागद कारकुनाच्या ट्रेमध्यें ठेवावा, आणि कारकुनानें सवडीनें उचलावा. जावाच्या स्विंग या साधनसंचांत, पायथॉनच्या टीकिंटरमध्यें, क्यूटीमध्यें, अँड्रॉइडमध्यें, सर्वत्र हाच दंडक आहे. टीकिंटरमध्यें मागील धाग्यानें निकाल एका सुरक्षित रांगेंत ठेवावा, आणि मुख्य धाग्यानें 'आफ्टर' या सोयीनें, समजा दर १०० मिलिसेकंदांनीं, ती रांग पाहून यावी. जावामध्यें २००६ सालीं सहाव्या आवृत्तीबरोबर 'स्विंगवर्कर' नांवाचें तयार साधन आलें. त्यांतील एक भाग मागें काम करतो व दुसरा, काम संपल्यावर, मुख्य धाग्यावर येऊन निकाल मांडतो. अनेक धाग्यांना एकदम खिडकी हाताळूं द्यावी, असे प्रयत्नही पुष्कळ झाले. ते कां फसले, याची मीमांसा जावाचे एक प्रमुख अभियंते ग्रॅहम हॅमिल्टन यांनीं २००४ सालीं केली. वापरणाराची टिचकी खालून, म्हणजे यंत्राकडून, वर प्रोग्रामाकडे येते. प्रोग्रामाची आज्ञा वरून खालीं जाते. दोघे उलट दिशांनीं एकाच जिन्यावर चढूं-उतरूं लागले कीं, मध्यावर एकमेकांस अडवून उभे रहाण्याचा प्रसंग टळत नाहीं.

दुसरा नियम: चिठ्ठी पूर्ण असावी. शिपायास पाठवितांना नांव, साल व इयत्ता लिहून द्यावी, म्हणजे त्याला विचारावयास परत यावें लागत नाहीं. खिडकींतील रकान्यांत वापरणारानें काय भरलें आहे, तें मुख्य धाग्यानें आधींच वाचून मागील धाग्याच्या हातीं द्यावें. मागील धाग्यानें स्वतः रकाना वाचूं नये. तो वाचीपर्यंत रकान्यांतील मजकूर बदललेलाही असेल.

तिसरा नियम: एका कामास एकच शिपाई. अर्जदारानें दुसऱ्यांदा विचारलें म्हणून दुसरा शिपाई पाठविला, तर दोघे तेंच रजिस्टर ओढूं लागतील. यास्तव काम सुरू होतांच बटण निष्क्रिय करावें व काम संपल्यावर पूर्ववत् करावें. हें निष्क्रिय करणें धागा सुरू करण्यापूर्वीं झालें पाहिजे. नंतर केलें तर मधल्या क्षणीं दुसरी टिचकी शिरते.

चौथा नियम: काम कोठवर आलें तें कळत असावें. '६०० पैकीं २४० पत्रकें झालीं' एवढी ओळ दिसली तरी मनुष्य शांतपणें बसून रहातो. मात्र निरोपांचाही अतिरेक नको. शिपाई प्रत्येक पान उलटल्यावर धांवत खिडकीशीं येऊं लागला, तर कारकुनाचा सर्व वेळ त्याचें ऐकण्यांतच जाईल.

पांचवा नियम: थांबवावयाचें तर हांक मारून थांबवावें, मानगूट धरून नव्हे. 'रद्द करा' हें बटण दाबल्यावर मुख्य धाग्यानें एक खूण उभी करावी. मागील धाग्यानें प्रत्येक पत्रकानंतर ती पहावी, आणि उभी दिसल्यास हातचें पत्रक पुरें करून, आवराआवर करून थांबावें. धागा जबरीनें थांबविण्याची आज्ञा जावांत प्रारंभीं होती. परंतु १९९८ सालच्या १.२ आवृत्तींत ती त्याज्य ठरविण्यांत आली. कारण असें कीं, मध्येंच थांबलेला धागा अर्धवट बदललेली माहिती मागें टाकून जातो, आणि पुढचा धागा तीच खरी समजून चालतो.

सहावा नियम: अपयशही परत आलें पाहिजे. रजिस्टर वाळवीनें खाल्लें असेल, तर शिपायानें तसें येऊन सांगावें; मागल्या दारानें घरीं निघून जाऊं नये. मागील धाग्यांत चूक उद्भवली तर बहुधा तो धागा गुपचूप संपतो आणि खिडकींत 'काम चालू आहे' हीच पाटी लटकत रहाते. म्हणून चूक पकडून, तीही निकालाप्रमाणेंच ट्रेमध्यें ठेवण्याची व्यवस्था असावी. तसेंच, कोणी मध्येंच खिडकी बंद केली तर मागील काम पुरें होऊं द्यावयाचें कीं थांबवावयाचें, हें आधींच ठरवून ठेवावें.

४. दोन धाग्यांची शर्यत

काम लवकर व्हावें म्हणून दोन शिपाई पाठविले, तर एक नवीच अडचण उभी रहाते. समजा, ६०० पत्रकें दोन मागील धाग्यांत वांटलीं, आणि 'किती झालीं' याचा आंकडा मात्र दोघांत एकच ठेवला. आंकड्यांत एक मिळविणें ही आपणांस एक क्रिया वाटते. पण संगणकाला त्या तीन आहेत. आंकडा वाचणें, एक मिळविणें व परत लिहिणें. पहिल्या धाग्यानें ४० वाचले. तो लिहिणार इतक्यांत पाळी बदलली आणि दुसऱ्यानेंही ४० च वाचले. दोघांनीं ४१ लिहिले. पत्रकें दोन झालीं, आंकडा एकानेंच वाढला. ही चूक रोज होत नाहीं; पाळी नेमकी त्या क्षणीं बदलली तरच होते. म्हणून परीक्षेच्या वेळीं प्रोग्राम बरोबर चालतो आणि भलत्याच दिवशीं चुकतो.

यावर उपाय कुलुपाचा. एकेरी लोहमार्गावर, टोकन हातीं असल्यावांचून चालकानें गाडी पुढल्या टप्प्यांत नेऊं नये, अशी पद्धत होती. टोकन एकच, म्हणून त्या टप्प्यांत गाडीही एकच. आंकड्याला असेंच टोकन जोडलें म्हणजे एक धागा आंत असतांना दुसरा बाहेर थांबतो. डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनीं १९६० नंतरच्या दशकांत ही कल्पना शास्त्रशुद्ध रीतीनें मांडली, आणि तिला आगगाडीच्या सिग्नलावरूनच 'सेमाफोर' हें नांव दिलें. पण कुलुपेंही जपून वापरावीं. एका शिपायाकडे रजिस्टर व दुसऱ्याकडे कपाटाची किल्ली, आणि दोघांसही दोन्ही वस्तु हव्या. एकही सोडावयास तयार नाहीं, तर संध्याकाळपर्यंत दोघे तसेच उभे रहातील. मुख्य धागा मागील धाग्याच्या समाप्तीची वाट पहात उभा राहिला, आणि मागील धागा मुख्य धाग्याच्या होकाराची, तरी हीच गत होते. म्हणून होतां होईल तों एकच वस्तु दोघांच्या हातीं देऊं नये. प्रत्येकानें आपला आंकडा ठेवावा आणि बेरीज कारकुनानें करावी.

५. आठ सेकंदांची गोष्ट

कोणी म्हणेल, एका आंकड्याचा फरक तो काय! त्यानें पुढील इतिहास वाचावा. थेरॅक-२५ हें कर्करोगावर किरणोपचार करण्याचें यंत्र कॅनडांतील ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या सरकारी कंपनीनें बनविलें होतें. अशीं ११ यंत्रें अमेरिका व कॅनडा या देशांत बसविलीं होतीं. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळांत त्यांनीं सहा रुग्णांस ठरविल्यापेक्षां कित्येक पट अधिक किरण दिले, आणि त्यांतील कांहीं त्यामुळें मरण पावले.

या यंत्राला चित्रमय खिडक्या नव्हत्या. साधा अक्षरांचा पडदा व कळफलक होता. परंतु आंत अनेक कामें बरोबर चालत, आणि तीं एकाच सामायिक स्मृतींतील आंकडे पुरेशा कुलुपांवांचून वाचीत व बदलीत. टेक्सास संस्थानांतील टायलर येथें मार्च १९८६ मध्यें यंत्र चालविणाऱ्या बाईनें इलेक्ट्रॉनऐवजीं क्ष-किरणांचें अक्षर चुकून टंकलें. चूक लागलीच ध्यानांत येऊन तिनें बाणाच्या कळीनें मागें जाऊन ती सुधारली आणि उरलेले रकाने झरझर पार केले. यंत्रांतील चुंबकें जुळण्यास सुमारें ८ सेकंद लागत. तेवढ्या अवधींत दुरुस्ती पुरी झाली तर आंतील एका कामास तिचा पत्ताच लागत नसे. पडद्यावर इलेक्ट्रॉन दिसत होतें. यंत्र मात्र क्ष-किरणांसाठीं लागणाऱ्या प्रखर झोतावर राहिलें होतें. कंपनीच्या अभियंत्यांस हा दोष पुन्हां घडवून आणतां आला नाहीं. एप्रिलमध्यें तेथेंच दुसरा अपघात झाला, तेव्हां रुग्णालयांतील पदार्थविज्ञानतज्ज्ञानें त्या बाईस बरोबर घेऊन, पुन्हां पुन्हां टंकून, त्याचें मर्म शोधून काढलें. तें मर्म म्हणजे सरावलेल्या बोटांचा वेग. जो हळूहळू तपासून पहातो, त्याला हा दोष कधींच दिसत नसे.

जानेवारी १९८७ मधील सहाव्या अपघाताचें कारण वेगळें, पण त्याच जातीचें होतें. एक आंकडा प्रत्येक फेरीस एकानें वाढे. तो शून्य नसेल तर यंत्राची जागा तपासावयाची, असा संकेत होता. परंतु त्या आंकड्याला जागा एकाच बाइटची, म्हणजे ० ते २५५ पुरतीच. दर २५६ व्या फेरीस तो आपोआप शून्य होई आणि त्या क्षणापुरती तपासणी गळे. यंत्र चालविणारानें 'सेट' हें बटण दाबलें तें नेमकें त्याच क्षणीं.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. आधींच्या थेरॅक-२० या यंत्राच्या प्रोग्रामांतही टायलरचा दोष होता. परंतु तेथें विजेचे व धातूचे स्वतंत्र अडसर असल्यामुळें फक्त फ्यूज उडत. शिकागो विद्यापीठांत विद्यार्थ्यांचा नवा वर्ग सुरू झाला कीं फ्यूज वरचेवर उडूं लागत, कारण शिकाऊ मुलें हव्या त्या क्रमानें कळा दाबीत. थेरॅक-२५ बनवितांना प्रोग्रामावर भरंवसा ठेवून ते अडसर काढून टाकण्यांत आले. नॅन्सी लेव्हसन व क्लार्क टर्नर यांनीं १९९३ सालीं या सर्व प्रकरणाचा सांगोपांग अभ्यास प्रसिद्ध केला. एखादी ओळ चुकली एवढेंच त्यांनीं दाखविलें नाहीं. एकाच तपासणीवर विसंबणें आणि तक्रार आली असतां 'हें शक्यच नाहीं' असें म्हणणें, हे दोषही त्यांनीं पुढें मांडले.

उपसंहार

आपलें निकालपत्रकाचें बटण कोणाचा जीव घेणार नाहीं. तथापि त्याच्या आंकड्यावर एखाद्या मुलाचें वर्ष अवलंबून असतें, आणि ज्या संवयी आज त्या बटणावर लागतील त्याच उद्यां रुग्णालयांत, बँकेंत व रेल्वेंत कामास येतील. पालकांसही एक विनंती आहे. खिडकी गोठलेली दिसली म्हणजे काम थांबलेंच असें समजूं नये. थोडा धीर धरावा, आणि पैसे देण्याचें बटण तर उत्तर येईपर्यंत दुसऱ्यांदा दाबूंच नये. पहिलें काम मागल्या खोलींत चालू असण्याचा पुष्कळ संभव असतो.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. बटण निष्क्रिय करण्याची आज्ञा मागील धाग्यांत लिहिल्यास कोणते दोन नियम मोडतात ?

२. एका कामांत १०,००० ओळी असून प्रत्येकीस ०.००२ सेकंद लागतात. सर्व कामास किती वेळ लागेल ? प्रत्येक ओळीनंतर निरोप पाठवावा कीं दर १०० ओळींनंतर ? कारण द्या.

३. दोन धाग्यांनीं ४० वाचून दोघांनींही ४१ लिहिले. कुलूप न लावतां हा दोष टाळण्याची एक रीत पाठांत आली आहे. ती उदाहरण देऊन समजावून सांगा.

४. नव्या वर्गाच्या आगमनाबरोबर फ्यूज उडत, यावरून प्रोग्रामाची परीक्षा कोणी व कशी करावी, याविषयीं आपलें मत दहा ओळींत लिहा.